आईचं दार, बापाचा बाप्तिस्मा

माझ्या आईला सगळे सीटवाली बाई म्हणतात. गाड्यांच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकं, न्हाव्याच्या खुर्च्या, माणूस ज्याच्यावर म्हणून बूड टेकतो ते सगळं आई शिवते. रस्त्यावर उघडणारं एक शटर, आत दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यात आम्ही दोघी. मी मशीन चालवते, ती जुनं कापड उसवते, स्पंज कापते आणि खिळे ठोकते. बारीक खिळे तोंडात धरायची तिची सवय, त्यामुळे तिने निम्मं आयुष्य ओठ मिटून बोलण्यात घालवलंय. तरी आमच्या रस्त्यावर तिच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.

धंदा मुळात बापाचा. त्याला मी ‘तो’ म्हणते, आणि ते तसंच राहणार. मी लहान होते तेव्हा एक बाई दुकानात सोफा दुरुस्तीला टाकून गेली आणि जाताना नवरा घेऊन गेली. आमचा नवरा. म्हणजे आईचा. सोफा आमच्याकडेच राहिला. आई काही दिवस त्याच्याकडे नुसती बघत बसायची, मग एका दुपारी तिने त्याचं कापड टराटरा फाडलं, नवं चढवलं आणि विकून टाकला. तिचा धंदा तिथून सुरू झाला.

नातेवाईक आले, बसले, चहा प्यायले आणि एकेक करून तेच बोलून गेले. ‘तूच कुठेतरी कमी पडली असशील.’ माझा सख्खा मामाही हेच म्हणाला, बिस्किट बुडवता बुडवता. आज आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण आईने ते खरं मानलं, हे सगळ्यात वाईट. आपणच वाईट, आपलंच चुकलं, नाहीतर माणूस असा उठून जातो का, असं ती कात्री चालवताना स्वतःशी पुटपुटायची. मी ऐकलेलं आहे.

अशात एक काम आलं. पलीकडच्या चौकात टायरचं दुकान आहे, त्याच्या वर एक हॉल. तिथे एक मंडळी जमायची, ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची, छोटीशीच. त्यांच्या खुर्च्या फाटल्या होत्या. पाळकांच्या बायकोने आईला बोलावलं. आई हॉलमध्ये जमिनीवर बसून खुर्च्यांचे खिळे उपटत होती आणि समोर पाळक रविवारच्या प्रवचनाची तयारी करत होते, रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून. तेव्हा ते तरुण होते, हातवारे फार करायचे. म्हणत होते की देवाला पुरेसा पडेल इतका चांगला माणूस आजवर कुणी झालेला नाही आणि होणारही नाही. म्हणून देवाने आपला मुलगा दिला, तो वधस्तंभावर आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला. जो त्याच्यावर भिस्त ठेवेल त्याला देव आपलंसं करतो. त्यासाठी आपण काही करून दाखवायचं नाही.

खुर्च्यांमधून आवाज आला, ‘आणि टाकून दिलेली बाई असेल तर?’

पाळक दचकलेच. मग खाली वाकून म्हणाले, ‘तिलाही.’

‘फुकट?’

‘फुकट.’

‘मग यात खोट काय?’

‘काही नाही, ताई.’

‘बघते,’ आई म्हणाली आणि पुढची खुर्ची उलटी केली.

ती दुकानदार बाई. फुकट म्हटलं की तिला आधी संशय येतो. खुर्च्या होऊन गेल्या तरी ती रविवारी वर जाऊन मागच्या रांगेत बसायला लागली, त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागली, प्रश्न विचारून विचारून पाळकांच्या नाकी नऊ आणले. आणि एके दिवशी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिने देवाशी बोलणं केलं. मला नंतर म्हणाली, ‘बाई गं, आधी निवडून वेगळं केलं. माझं पाप कोणतं आणि लोकांनी माझ्या माथी मारलेलं कोणतं. लोकांचं होतं ते बाजूला टाकलं. माझं होतं ते त्याच्यापुढे ठेवलं, आणि म्हटलं हे तू घे, मला घे.’ त्याला ती मंडळी नवा जन्म म्हणतात. नाव काही द्या, त्या दिवसापासून आई पुटपुटायची थांबली, एवढं मी शपथेवर सांगेन.

तिचा बाप्तिस्मा टायरवाल्याच्या मागच्या अंगणात झाला. तिथे एक मोठा, खोल सिमेंटचा हौद आहे, पंक्चर शोधायला ट्रकच्या ट्यूब बुडवतात तो. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तो घासून पुसून भरायचा. या लोकांत बाळांना बुडवत नाहीत, आपल्या तोंडाने ‘मी विश्वास ठेवतो’ म्हणणाऱ्या माणसालाच, आणि तेही पूर्ण, डोक्यासकट. आई पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना रबराचा वास येत होता. पण तिचा चेहरा बघून मला, एवढ्याशा पोरीला, कळलं की आता हिला कुणी टाकून देऊ शकणार नाही.

मी स्वतः त्या हौदात उतरलेली नाही. मी देवाशी भांडलेली आहे, आणि आमचं अजून मिटलेलं नाही. रविवारी आईला स्कूटरवरून सोडते आणि खाली टायरवाल्याच्या बाकावर बसते. छप्पर पातळ असल्यामुळे वरचं सगळं ऐकू येतं. म्हणजे मंडळीत न जाताही माझं एकही प्रवचन चुकलेलं नाही.

आता खरी भानगड सांगते. पहिल्या वर्षी आईने बुधवारच्या प्रार्थनेत उभं राहून मागितलं होतं, माझा नवरा घरी परत यावा म्हणून प्रार्थना करा. झालं! ही मंडळी एकदा एखादी गोष्ट देवाकडे न्यायला घेतली की सोडायची नाहीत. दर बुधवारी कुणी ना कुणी म्हणणारच, ‘प्रभू, आमच्या सीटवाल्या ताईच्या धन्याला घरी आण.’ आधी तळमळीने, मग सवयीने. वर्षांमागून वर्षं गेली. पाळकांचे केस पिकले, म्हाताऱ्या गेल्या, नवी लग्नं झाली, आणि ज्यांनी माझ्या बापाचं तोंडही पाहिलेलं नाही अशा नव्या सुनासुद्धा डोळे मिटून त्याला घरी बोलवत होत्या. आईचं मागणं केव्हाच बदललं होतं. ती एकटी असताना फक्त त्याच्या तारणासाठी, म्हणजे देवाने त्याला आपलंसं करावं म्हणून, प्रार्थना करायची, घरी येण्यासाठी नाही. पण मंडळींना तसं सांगितलं नाही. एवढ्या प्रेमाने प्रार्थना करणाऱ्यांना ‘आता पुरे’ कसं म्हणायचं, म्हणून ती मूग गिळून बसायची. मी तिला कितीदा म्हटलं, ‘सांगून टाक त्यांना, चुकून ऐकली देवाने तर?’ ती हसायची.

आणि ऐकली की!

भर दुपारी शटरमध्ये एक माणूस येऊन उभा राहिला. वाळलेला, हातात पिशवी, श्वास लागलेला. मी गिऱ्हाईक समजून म्हटलं, ‘काय शिवायचंय?’ तो माझ्याकडे बघत राहिला. आईने मान वर केली. तोंडात खिळे होते. तिने ते सावकाश काढून वाटीत ठेवले.

‘बस,’ म्हणाली.

तो स्टुलावर बसला आणि खोकला. मग बोलायला लागला. ती दुसरी बाई केव्हाच त्याला सोडून गेली होती. आजारी पडून तो एका मोठ्या दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्याला ख्रिस्ताविषयी सांगितलं, आणि त्याने विश्वास ठेवला. आता बाप्तिस्मा घ्यायचाय. ‘पण आधी तुला भेटल्याशिवाय तोंड वर करून देवापुढे कसा जाऊ?’ म्हणाला.

मी म्हटलं, ‘तोंड वर करायची सवय जुनीच आहे की तुम्हाला.’

‘तू गप,’ आई मला म्हणाली. आणि त्याला विचारलं, ‘काय विश्वास ठेवलास, ते सांग.’

म्हणजे बघा! बावीसेक वर्षांनी नवरा दारात आलाय, आणि ही बाई त्याची परीक्षा घेतेय. तो चाचरत म्हणाला, ‘माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. चांगलं असं काही केलंच नाही. पण येशूने माझ्यासारख्यासाठीच जीव दिला, असं तो शेजारच्या खाटेवरचा म्हणाला. मी म्हटलं, मग मी येशूचा. एवढंच येतं मला.’

आईने मान हलवली. मग म्हणाली, ‘एवढंच असतं.’ तिचे डोळे भरले होते. माझं डोकं भणभणत होतं.

दुकान बंद करायच्या वेळी तिने विचारलं, ‘उतरलायस कुठे?’ त्याने मागच्या खोल्यांच्या दाराकडे पाहिलं. चोरून, पण पाहिलं. आई उठली, टायरवाल्याकडे गेली, आणि त्याच्या दुकानातल्या माळ्यावर त्याची झोपायची सोय करून आली. टायरवाला कुठल्याच देवाचा नाही. ‘उंदीर नाहीत, पण रबराचा वास आहे,’ एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी मी आईशी कडाकडा भांडले. ‘म्हणजे तो सुटला? फुकटात? आपण इथे हाडाची काडं केली, तू तापात मशीन चालवलंस, मी शाळा सोडली, आणि तो एका खाटेवर पडून दोन वाक्यं बोलला की धुऊन स्वच्छ? हा कुठला न्याय गं?’

‘न्याय नाहीच तो,’ आई म्हणाली. ‘कृपा आहे. न्याय वधस्तंभावर झाला.’

‘मला नाही पटत.’

‘मलाही आज जड जातंय. पण त्याला नसेल तर मलाही नाही. मला चांगली म्हणून घेतलं नव्हतं देवाने. मग आता दारात उभी राहून मी कुणाला अडवू?’

मला वाटलं, झालं. आता ही त्याला घरात घेणार. त्याची खाट माझ्या खोलीत, त्याचा खोकला रात्रभर, त्याचं ताट आमच्या ताटाशेजारी. मी विचारलं, ‘मग घरात पण घेणार का?’

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. ‘घराचा काय संबंध?’ म्हणाली.

तिला संबंध दिसत नव्हता. मंडळीला मात्र दुसरं काहीच दिसत नव्हतं.

रविवारी तो वर गेला आणि स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा मी खाली बाकावर होते.  मग काय विचारता, छप्पर खाली येतंय की काय असं वाटलं! रडणं, टाळ्या, ‘हालेलुया’. बेकरीवाले, मंडळीतले मोठे पंच, त्यांचा आवाज सगळ्यांत वर, ‘बघा! बावीस वर्षं! देव ऐकतो! ताईचा धनी घरी आला!’ आई खाली आली तेव्हा बायका तिला मिठ्या मारून रडत होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जसं कुणी परवानगी न विचारता तिच्या मापाचे कपडे शिवून आणलेत.

दुसऱ्या दिवशी पाळक दुकानात आले. स्टुलावर बसले. मी मशीन थांबवलं नाही, मुद्दाम. ते म्हणाले, पुढच्या रविवारी बाप्तिस्मा घेऊ. आणि त्याच वेळी सगळ्यांसमोर तुम्हा दोघांसाठी आशीर्वादाची प्रार्थना करू. मग तो तुमच्याबरोबर घरी येईल. केवढी मोठी साक्ष होईल शहराला!

‘बाप्तिस्मा द्या,’ आई म्हणाली. ‘घरी येणार नाही.’

पाळकांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून हात हलवला. मी मशीन बंद केलं, कारण आता मलाही ऐकायचं होतं.

‘ताई, तुम्ही त्याला क्षमा केलीत ना?’

‘केली.’

‘मनापासून?’

‘पाळक, मन एवढंच आहे माझ्याकडे. त्यातूनच केली.’

‘मग क्षमा केली तर दार का बंद?’

‘कारण दार माझं आहे. मी त्याच्याशिवाय राहायला शिकले. फार वाईट शिकले, पण शिकले. आता मला माझी झोप लागते. तो लग्न मोडून दुसरीकडे संसार करून आलाय. देवाने त्याला घेतलं, मी आनंदाने टाळी वाजवेन. पण देवाचं घर मोठं आहे, माझ्या दोन खोल्या आहेत.’

पाळक वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. ते खरंच दुःखी झाले. पण दुःखी माणूस कधीकधी दुष्टापेक्षा जास्त छळतो. बराच वेळ समजावून झाल्यावर ते म्हणाले, ‘मग बुधवारचं बायकांचं शिकवणं तुम्ही काही दिवस थांबवा. ज्या बाईच्या मनात गाठ आहे तिने दुसऱ्या बायकांना कृपा कशी शिकवायची? रविवारी त्याला घरी घेऊन गेलात की पुन्हा सुरू करा.’

 बुधवारी प्रार्थनेआधी आई बायकांना शास्त्र शिकवायची, आणि तो बुधवार म्हणजे तिचा जीव. रस्त्यावरच्या बायका, नर्सा, झाडूवाल्या, एक शाळेची मुख्याध्यापिका, सगळ्या त्या दिवशी तिच्याभोवती बसायच्या. मामा दूर गेला, नातेवाईक दूर गेले, तेव्हा तिला जी माणसं मिळाली ती तिथे मिळाली. आणि आता तिला सरळ निवड करायला सांगत होते, एक तर बुधवार नाही तर आपलं घर.

पाळक गेल्यावर ती स्पंजाच्या थप्पीशी गुडघे टेकून बसली आणि रडली. खूप रडली. मला ते बघवेना. मी म्हटलं, ‘सोड ना गं ती मंडळी! खड्ड्यात गेली! दुसरी काय कमी आहेत का?’

तिने डोळे पुसले. ‘का सोडू? त्यांच्या बापाची आहे का ती?’ मग स्वतःच जरा हसली. ‘आहे खरी. पण तो माझाही बाप आहे. मी कुठेही जात नाही.’

‘मग त्याला घरात घेणार?’

‘नाही.’

‘मग करणार काय?’

‘माहीत नाही. प्रार्थना करतेय. उत्तर मिळालं नाही.’ तिने नाक पुसलं. ‘पण मनाईसुद्धा मिळाली नाही.’

तो आठवडा कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. बेकरीवाले पंच येऊन गेले, सोबत केक. मंडळीतल्या दोघी येऊन आईचा हात हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, नरमाई ठेव. तिने केक खाल्ला, हात हातात राहू दिला आणि उत्तर तेच दिलं. बुधवार आला आणि गेला, ती घरी बसून राहिली, आणि त्या संध्याकाळी तिने तीन वेळा चुकीच्या जागी कात्री लावली. तो माळ्यावरून सकाळी खाली उतरायचा, टायरवाल्याला ट्यूब बुडवायला मदत करायचा आणि आमच्या दुकानाकडे यायचा नाही. एवढी अक्कल त्याला आली होती.

रविवारी अंगण भरलं होतं. हौद घासलेला, पाणी भरलेलं, मागे टायरांच्या उतरंडी. मी या वेळी बाकावर बसले नाही, हौदाच्या कडेशी जाऊन उभी राहिले. काही वेडंवाकडं झालं तर आईला धरून बाहेर काढायचं, असं मी ठरवलं होतं.

या मंडळीची एक रीत आहे. पाण्यात उतरण्याआधी पाळक सगळ्यांसमोर विचारतात, या माणसाने ज्यांचं वाईट केलं त्यांच्यापैकी कुणी इथे आहे का, आणि त्यांना काही बोलायचं आहे का? आणि मग पाण्यात उतरणाऱ्याने कुणाचं तरी नाव घ्यायचं असतं. ते माणूस पाळकांच्या सोबत त्याला दुसऱ्या बाजूने धरतं.

पाळकांनी विचारलं. सगळ्यांच्या माना आईकडे. मी दात ओठ खाऊन उभी. एक शब्द बोल, आई, मनात म्हणत होते, एक शब्द, आणि त्याला इथून कोरडाच परत जाऊ दे.

आई पुढे झाली. त्याच्याकडे बघून बोलली, आवाज न चढवता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. ‘तू मला टाकून गेलास. ही पोर महिनाभर दारात बसून तुझी वाट बघायची. लोक मला म्हणाले तुझंच चुकलं, आणि मी ते मानलं. हे सगळं मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही. मी तुला माफ केलंय. तू सुधारलास म्हणून नाही, सुधारलास की नाही ते मला माहीत नाही. मला माफी मिळाली म्हणून. देवाने तुला घेतलंय, तो चांगला आहे म्हणून. माझी काही हरकत नाही.’

त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं होतं. पाळकांनी विचारलं, कुणी धरावं? त्याने एक हात तोंडावर तसाच ठेवून दुसऱ्याने आईकडे बोट केलं.

गर्दीतून ‘आहाहा’ असा आवाज उठला. आई चप्पल काढून, अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात उतरली. पाणी छातीपर्यंत. एका बाजूने पाळक, दुसऱ्या बाजूने ती. पाळकांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने शब्द उच्चारले आणि दोघांनी त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, जरा जास्त वेळ ठेव. पण तिने लगेच वर काढलं, आणि तो खोकत, पाणी थुंकत बाहेर आला तेव्हा तिने पदराने नाही, हाताच्या तळव्याने त्याच्या डोळ्यांवरचं पाणी पुसलं. तेवढ्यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही.

गाणं झालं. आणि पाळक ओलेचिंब, डोळ्यांत पाणी, हात वर करून म्हणाले, ‘आणि आता आपले भाऊ आणि ताई एकत्र आपल्या घरी…’

‘नाही,’ आई म्हणाली.

गाणं मध्येच तुटावं तसं झालं. ती हौदातून बाहेर आली होती, कपड्यांतून पाणी निथळत होतं.  तशीच बोलली.

‘मी त्याला पाण्यात धरलं, कारण तो ख्रिस्तात माझा भाऊ आहे. भावाला पाण्यात धरते. नवरा म्हणून घरात ठेवणार नाही. आणि कुणी मला सांगू नये की म्हणजे मी माफ केलेलं नाही. माफी देवाने सांगितली, मी दिली. बाकीचं तुम्ही जोडताय. वरच्या हॉलमध्ये मी खाली बसून खिळे काढत असताना पहिल्यांदा ऐकलं, की त्यासाठी आपण काही करून दाखवायचं नाही. मग आज मला का करून दाखवायला लावता? त्याला फुकट, आणि मला माझ्या घराच्या मोलाने?’

बेकरीवाले पंच कळवळून म्हणाले, ‘पण ताई, आम्ही इतकी वर्षं देवाकडे त्याला मागितलं!’

‘मागितलात ना? तुम्हाला मिळाला,’ आई म्हणाली. ‘घेऊन जा.’

 टायरवाला मागे तोंडावर हात ठेवून हसत होता, मला दिसलं. पाळक एकदा आईकडे, एकदा माझ्या बापाकडे बघत राहिले. मग बापच बोलला, त्या दिवशी पहिल्यांदा. ‘ती बरोबर बोलतेय. आशा होती, खोटं कशाला बोलू. पण मागायचा हक्क नव्हता.’ आणि पुन्हा खोकला.

तेवढ्यात पाळकांची बायको पुढे आली. आयुष्यभर नवऱ्याच्या मागे उभी राहिलेली ती बाई. म्हणाली, ‘आमची मागची खोली रिकामी आहे.’ आणि पाळकांच्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या बापाच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

स्कूटरवर आई मागे बसली, कपडे अजून ओले, माझी पाठही ओली झाली. मी विचारलं, ‘खरंच माफ केलंस का गं?’

‘हो. रोज करावं लागतं. आज सकाळी केलंय, संध्याकाळी पुन्हा करावं लागेल. तू गाडी नीट चालव.’

बुधवारी तिने कपडे बदलले, शास्त्र पिशवीत टाकलं आणि म्हणाली, ‘चल, सोड मला.’ मी म्हटलं, ‘अगं, थांबवायला सांगितलंय ना तुला?’ ती म्हणाली, ‘त्यांनी सांगितलं. मी हो म्हटलं नव्हतं.’ या वेळी मी खाली थांबले नाही. तिच्या मागोमाग जिना चढले, भांडायची वेळ आली तर कुणीतरी हवं म्हणून.

पाळक हॉलच्या दारातच उभे होते. डोळे सुजलेले, झोप न झालेले. मला वाटलं आता अडवतील. पण ते आईच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘ताई, तो रात्रभर खोकतो हो. आणि जेवायला बसला की प्रत्येक घासाला काहीतरी नाव ठेवतो. माझ्या खुर्चीवर बसतो. काल माझ्या बायकोला म्हणाला, चहात साखर कमी.’

‘हो,’ आई म्हणाली. ‘तसाच आहे तो.’

‘मी काय करू?’

आईने त्यांच्या हाताला हात लावला, अगदी मायेने. ‘त्याच्यावर प्रेम करा, पाळक. प्रभूने तुमच्यावर केलं तसं.’

आणि ती त्यांच्या बाजूने आत गेली. बायका जमल्या होत्या. तिने आपली खुर्ची ओढली, बसली, शास्त्र उघडलं आणि म्हणाली, ‘कृपा. गेल्या वेळी अर्धवट राहिलं होतं.’